पित्ताच्या पिशवीतले खडे: दोष कुणाचा?

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला कांदाभजी झाली, समोसे झाले. घरातले पुरुष तरावीहला निघून गेले आणि भांडी आवरता आवरता माझ्या उजव्या बरगडीखाली कळ आली. साधी नाही, श्वास अडकवणारी. ती पाठीत गेली, उजव्या खांद्यापर्यंत चढली. तासाभराने उलटी झाली आणि मग हळूहळू शांत झालं. अम्मी माझ्याकडे बघत होती. तिला ती कळ ओळखीची होती. तिने एवढंच विचारलं, “खाँदे तक गई क्या?”

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत अनेक लहान खडे. डॉक्टर वयाने तरुण होते, स्वभावाने वाईट नव्हते. रिपोर्ट बघत सहज म्हणाले, “मॅडम, मटण, बिर्याणी कमी करा. तुमच्याकडे हे फार दिसतं.” ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. शाळेतल्या स्टाफरूममध्ये हेच वाक्य जरा हसत, जरा मैत्रीने पुन्हा ऐकायला मिळालं.

मला राग आला तो माझ्यासाठी नाही. अम्मीसाठी आला. अम्मी विडी कामगार. सोलापुरात मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पानं कापून, दिवसाला हजार विड्या वळणारी बाई. आम्ही पाच भावंडं, वर दादा-दादी. आठवड्यातून एकदा अर्धा किलो मटण यायचं, ते नऊ माणसांत वाटलं जायचं आणि अम्मीच्या ताटात बहुतेक वेळा शोरबाच असायचा. तरी तिच्या पोटात खडे झाले. अकरा वर्षं तिने ती कळ सोसली. कुणी म्हणालं, वेळेवर जेवत नाही म्हणून. कुणी म्हणालं, तापट आहे, पित्त डोक्यात जातं म्हणून. कुणी म्हणालं, मटण. शेवटी कावीळ झाली तेव्हा पोट उघडून पिशवी काढावी लागली. त्या टाक्यांची वीतभर खूण तिच्या पोटावर अजून आहे.

मी विज्ञानाची शिक्षिका नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही. पण बी.एड.ला असताना आमच्या बाईंनी एक सवय लावली होती. कुणी ‘कारण’ सांगितलं की विचारायचं, हे कसं कळलं? कुणी आणि कधी शोधलं? तोच प्रश्न घेऊन मी या खड्यांच्या मागे लागले. त्यातून जे हाती आलं, ते हे.

एका शब्दात लपलेला आजार

सुरुवात भाषेपासून करते, कारण अम्मीची अकरा वर्षं भाषेनेच खाल्ली असं मला वाटतं.

मराठीत ‘पित्त’ हा शब्द किती ठिकाणी वापरतो बघा. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला, की ‘पित्त झालं’. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’, मग आमसुलाचं पाणी लावायचं. राग आला की ‘पित्त खवळलं’. यातल्या पहिल्या गोष्टीचा संबंध जठरातल्या आम्लाशी, दुसरीचा ॲलर्जीशी, तिसरीचा शेजाऱ्यांशी! यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या पाचक रसाशी यातल्या एकीचाही थेट संबंध नाही. म्हणून अम्मी ‘पित्त झालंय’ म्हणायची तेव्हा समोरचा खाण्याचा सोडा द्यायचा. शब्द बरोबर होता, अवयवही तोच होता, अर्थ मात्र चुकीचा लागत होता.

उर्दूतही गंमत कमी नाही. युनानी वैद्यकात शरीरातले चार ‘खिल्त’ म्हणजे द्रव मानले आहेत: खून, बलग़म, सफ़रा आणि सौदा. सफ़रा म्हणजे पिवळं पित्त, सौदा म्हणजे काळं पित्त. काळं पित्त वाढलं की माणूस उदास आणि वेडा होतो अशी समजूत होती. ‘सौदाई’ हा शब्द शायरीत वेड्या आशिकासाठी येतो तो तिथूनच. पित्ताशयाला फ़ारसीतून आलेला शब्द आहे ‘ज़हरा’. त्याचा दुसरा अर्थ हिंमत. ‘ज़हरा आब होना’ म्हणजे पित्ताशयाचं पाणी होणं, धीर सुटणं. उर्दू लिपीत हाच शब्द पेश लावून वाचला की ‘ज़ुहरा’ होतो, म्हणजे शुक्रतारा. मुलांना ज़ेर-ज़बर-पेशचं महत्त्व सांगताना मी हे उदाहरण अनेकदा दिलं आहे. त्याच ज़हरामध्ये एक दिवस आपल्या पोटात दगड निघतील, हे तेव्हा मनातही नव्हतं.

चार द्रवांची ही कल्पना ग्रीकांची. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने ती पक्की केली. पुढे अरबी भाषेतल्या हकिमांनी तिची मांडणी केली आणि इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या ‘अल-क़ानून फ़ी अत-तिब्ब’ या ग्रंथातून ती बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेली. युरोपातली विद्यापीठं सतराव्या शतकापर्यंत हा ग्रंथ शिकवत होती. आपल्याकडे हा इतिहास फार अभिमानाने सांगितला जातो आणि अभिमान वाटावा असा तो आहेच. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की द्रवांच्या समतोलाचा सिद्धांत खड्याचं कारण सांगू शकला नाही. त्यासाठी पोट उघडून बघावं लागलं.

मृतांनी दिलेली साक्ष

माणसाच्या पोटात खडे होतात हे फार जुनं आहे. इजिप्तमधल्या एकविसाव्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या, एका पुजारिणीच्या ममीत पित्ताशय शाबूत सापडलं आणि त्यात सुमारे ३० खडे होते. तो नमुना लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत तो नष्ट झाला. तीन हजार वर्षं टिकलेली वस्तू एका रात्रीत गेली. त्या पुजारिणीला कुणी काय दोष दिला असेल? देवाचा कोप म्हणाले असतील.

युरोपात चौदाव्या शतकात इटलीतल्या जेंतिले दा फोलिन्यो या वैद्याने शवविच्छेदनात पित्ताशयातले खडे बघितल्याची नोंद आहे. त्यानंतर फ्लॉरेन्सचा अंतोनियो बेनिव्हियेनी. आपल्या रुग्णांपैकी कुणी मेलं, की नातेवाइकांची परवानगी घेऊन तो पोट उघडून कारण शोधायचा. त्याच्या टिपणांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५०७ साली छापलं गेलं. पोटदुखीने गेलेल्या एका स्त्रीच्या पित्ताशयात सापडलेल्या खड्यांची हकीकत त्यात आहे. ती बाई ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत होती. तिचं म्हणणं खरं होतं, हे तिच्या मृत्यूनंतर सिद्ध झालं.

१७६१ साली जोव्हान्नी मोर्गान्यी याने आयुष्यभराची शवविच्छेदनं एकत्र करून आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजार द्रवांच्या बिघडलेल्या समतोलात शोधू नका, ठरावीक अवयवात शोधा, हा त्याचा सांगावा. ‘कुठे’ या प्रश्नाला उत्तर मिळालं. ‘का’ बाकी राहिलं.

खडा कशाचा?

पुढचं पाऊल रसायनशास्त्रज्ञांनी टाकलं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुलेतिये द ला साल याने पित्तखड्यांतून मेणासारखा, चकचकीत पांढरा पदार्थ वेगळा केला. १८१५ च्या सुमारास मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचा नीट अभ्यास करून त्याला नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्तेरेओस’ म्हणजे घट्ट. ‘घट्ट पित्त’ या अर्थाचं ते नाव पुढे झालं कोलेस्टेरॉल. आज हा शब्द ऐकला की आपल्याला हृदय आठवतं, पण त्याचा जन्म पित्ताच्या खड्यात झाला आहे. पुढे पित्तातल्या आम्लांची रचना उलगडल्याबद्दल हाइनरिख वीलांड यांना १९२७ सालचं आणि कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या पदार्थांच्या अभ्यासासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ सालचं नोबेल मिळालं. लागोपाठ दोन वर्षं, एकाच पिशवीतल्या पदार्थांसाठी!

पण मेणासारखा हा पदार्थ पित्तात असतोच. मग एकाच्या पोटात तो विरघळून राहतो आणि दुसऱ्याच्या पोटात त्याचा दगड का होतो?

जर्मनीतला वाद

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जनने पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय पूर्ण काढलं. रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष होता आणि १६ वर्षं कळा सोसत होता. तो बरा झाला. तोपर्यंत काही सर्जन पिशवीला छेद देऊन फक्त खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. लांगेनबुखचा मुद्दा साधा होता: पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची नाही, ती खडे तयार करते म्हणून काढायची. आजही लोक डॉक्टरांना विचारतात, “खडेच काढा ना, पिशवी का काढता?” त्याचं उत्तर तेव्हापासून तेच आहे.

पण पिशवी खडे का तयार करते? १८९२ साली बर्नहार्ड नौनिन याने पुस्तक लिहून सांगितलं: जंतू आणि दाह. पित्ताशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यातून गळणाऱ्या पदार्थांवर खडा जमतो. तो काळ जंतूंच्या शोधांचा होता, त्यामुळे हे लगेच पटलं. १९०९ मध्ये लुडविग आशोफ आणि त्याचा सहकारी बाकमाइस्टर यांनी उलट सांगितलं. शुद्ध कोलेस्टेरॉलचा खडा अजिबात दाह नसलेल्या पित्ताशयातही सापडतो. म्हणजे मूळ बिघाड शरीराच्या चयापचयात आहे, सूज नंतर येते. एकाने दोष जंतूला दिला, दुसऱ्याने शरीराच्या घडणीला.

जंतूंचं पारडं जड करणारी एक गोष्ट त्याच सुमारास अमेरिकेत घडत होती. मेरी मॅलन ही आयर्लंडहून आलेली स्वयंपाकीण. ती जिथे काम करी तिथे टायफॉइड पसरे, स्वतः मात्र ठणठणीत. १९०७ साली तिला पकडलं गेलं. टायफॉइडचे जंतू अशा माणसांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं तळ ठोकून राहतात, खडे असतील तर आणखी घट्ट. पित्ताशय काढून घे असं तिला सुचवलं गेलं, तिने नकार दिला. तीन वर्षांनी तिला सोडलं, पण १९१५ मध्ये पुन्हा पकडलं आणि १९३८ साली मरेपर्यंत एका बेटावर ठेवलं. तिच्यासारखे जंतुवाहक आणखीही सापडले होते, पण ‘टायफॉइड मेरी’ हे नाव एका गरीब, परक्या देशातून आलेल्या बाईलाच चिकटलं. आजाराच्या इतिहासात दोष कुणाच्या वाट्याला येतो, हे त्यावरून कळतं.

उपाशी कुत्रा आणि पहिली सावली

तोपर्यंत जिवंत माणसाचं पित्ताशय दिसण्याची सोय नव्हती. साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक खडे दिसत नाहीत. १९२०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईस इथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम आणि त्यांचा तरुण सहकारी वॉरन कोल यांनी ठरवलं, की पित्तात उतरेल असं औषध शिरेतून द्यायचं आणि मग एक्स-रे काढायचा. कोल महिनोन्‌महिने कुत्र्यांवर प्रयोग करत राहिला, काही दिसेना. एके दिवशी एका कुत्र्याच्या पोटात पित्ताशयाची स्पष्ट सावली उमटली. चौकशी केल्यावर कळलं, की देखभाल करणारा माणूस त्या सकाळी त्या कुत्र्याला खायला द्यायला विसरला होता!

उलगडा सोपा होता. आपण जेवलो, विशेषतः स्निग्ध काही खाल्लं, की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात सोडतं. उपाशीपोटी ते भरलेलं राहतं, म्हणून दिसतं. १९२४ मध्ये ही पद्धत माणसांसाठी जाहीर झाली. १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी पित्ताशयाला आकसायला लावणारं संप्रेरकही शोधलं. सोनोग्राफीला आपण उपाशीपोटी जातो ते याचसाठी. इफ्तारच्या भज्यांनंतर मला कळ का आली, त्याचंही उत्तर इथे मिळालं. भज्यांनी खडे केले नव्हते. ते आधीच होते. तेलकट पोटात गेल्यावर पिशवी आकसली आणि एक खडा तोंडाशी जाऊन अडकला. दुखण्याचं निमित्त आणि आजाराचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या रोज एकत्र करतो.

१९६८: बोस्टन आणि मुंबई

१९६८ साली दोन शोधनिबंध आले. मला ते शेजारी शेजारी ठेवून वाचायला आवडतात.

पहिला बोस्टनहून, ॲडमिरांड आणि स्मॉल यांचा. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, तेलकट हात नुसत्या पाण्याने निघत नाही तसं. पित्तात त्याला विरघळवून ठेवणारे दोन मदतनीस असतात: पित्तक्षार आणि लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ. ते साबणासारखं काम करतात. या दोघांनी तीन घटकांचा एक त्रिकोण काढला आणि दाखवलं, की प्रमाण एका रेषेच्या आत असेल तर पित्त स्वच्छ राहतं, रेषा ओलांडली की कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटायला लागतात. पाक बिघडून साखर खाली बसते तसं. ‘दगड का होतो’ या प्रश्नाला पहिल्यांदा मोजता येईल असं उत्तर मिळालं. याच आधारावर १९७२ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पित्तातलंच एक आम्ल औषध म्हणून देऊन काही रुग्णांचे खडे विरघळवून दाखवले. पण औषध बंद केलं की अनेकांना खडे पुन्हा होतात, म्हणून हा मार्ग मर्यादितच राहिला.

दुसरा निबंध मुंबईचा. लेखक एस. एल. मल्होत्रा, पश्चिम रेल्वेचे डॉक्टर. प्रयोगशाळा म्हणून त्यांच्याकडे होती भारतीय रेल्वे! एकाच नोकरीतली, एकाच प्रकारच्या दवाखान्यात येणारी, पण देशाच्या वेगवेगळ्या भागांतली माणसं. त्यांच्या नोंदींतून त्यांना दिसलं, की उत्तर भारतीय कर्मचाऱ्यांत पित्तखड्यांचं प्रमाण दक्षिण भारतीयांपेक्षा सातपट होतं. कारण त्यांनी आहारात शोधलं. आता गंमत बघा. दक्षिण भारतात मांस-मासे खाणारे कमी आहेत का? आणि उत्तरेत शाकाहारी कमी आहेत का? नकाशावर खड्यांची रेघ शाकाहार-मांसाहार अशी पडली नाही, हिंदू-मुसलमान अशी तर नाहीच.

पुढे आणखी एक नकाशा आला. १९७० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा या आदिवासी समाजाची तपासणी झाली. २५ ते ३४ या ऐन तारुण्यातल्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे सात जणींना पित्ताशयाचा विकार होता. इतकं प्रमाण एका पिढीच्या खाण्याने समजावून सांगता येत नाही, इथे रक्ताचं नातं बोलतं. २००५ साली स्वीडनमध्ये ४३ हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. लक्षणं देणाऱ्या खड्यांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे २५ टक्के निघाला. २००७ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी त्यासाठी जबाबदार असलेलं एक जनुकही दाखवलं. यकृतातून पित्तात कोलेस्टेरॉल ढकलणाऱ्या पंपाचं ते जनुक. पंप जोरात चालला की पित्त रेषा ओलांडतं.

अम्मीला खडे, खालाला खडे, मला खडे. आमच्या घरात ती शिवणयंत्रासारखी वारशाने आलेली गोष्ट असू शकते.

‘चार एफ’ची गंमत

डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना अनेक पिढ्या एक सूत्र पाठ करायला लावलं गेलं आहे. इंग्रजीत ‘एफ’ने सुरू होणारे चार शब्द: लठ्ठ, बाई, चाळिशीची, लेकुरवाळी. ऐकायला हे टोमण्यासारखं वाटतं आणि अनेकदा तसंच वापरलंही जातं. पण त्यामागची कारणं शोधली गेली तेव्हा टोमणा गळून पडला आणि शरीर समोर आलं. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्त होतं, पित्त साचून राहतं. जितकी बाळंतपणं, तितका धोका वाढत जातो. वजन वाढणं हे कारण आहेच, पण भराभर वजन उतरवणं हेही तितकंच कारण आहे. महिन्याभरात दहा किलो कमी करून देणाऱ्या जाहिराती हे सांगत नाहीत.

आणि या सूत्राबाहेरही माणसं आहेत. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन वाढतं आणि लहान, सडपातळ मुलांच्या पित्ताशयातही काळे खडे होतात. त्यांच्यात चारपैकी एकही ‘एफ’ नसू शकतो. पूर्वी जपानमध्ये तपकिरी खडे पुष्कळ दिसत. १९६६ साली तिथल्या माकी या सर्जनने दाखवलं, की पित्तमार्गात शिरलेल्या जंतूंच्या विकरामुळे ते तयार होतात. पोटातले जंतही त्याला हातभार लावत. युद्धानंतर स्वच्छता सुधारली, खाणं बदललं, आणि जपानमध्ये तपकिरी खडे कमी होऊन कोलेस्टेरॉलचे वाढले. दोन पिढ्यांत एका देशाचा खडाच बदलला.

मग मटणाचं काय?

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण लेखाची सुरुवात तिथून झाली.

१९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या स्त्रियांची सोनोग्राफी केली. मांसाहारी स्त्रियांपैकी २५ टक्के जणींना एक तर खडे होते, किंवा खड्यांमुळे पित्ताशय काढलेलं होतं. शाकाहारी स्त्रियांत हे प्रमाण १२ टक्के होतं. हा आकडा वाचला तेव्हा, खरं सांगते, मी पुस्तक मिटून बसले. डॉक्टर बरोबर होते तर!

पण शोध तिथे थांबला नव्हता. २०१७ मध्ये त्याच ऑक्सफर्डमधून जवळपास ५० हजार माणसांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले. शाकाहारी लोकांचं वजन सरासरीने कमी असतं. वजनाचा हा फरक हिशेबातून वजा केला तेव्हा शाकाहारींमध्ये त्रासदायक खड्यांचा धोका मांसाहारींपेक्षा २२ टक्के जास्त निघाला. वजनाचा प्रभाव मात्र स्पष्ट आणि मोठा होता.

याचा अर्थ ‘शाकाहारामुळे खडे होतात’ असा काढून कुणी आनंद मानू नये. मीही आधी तो मोह आवरला. अर्थ एवढाच, की एका पदार्थाकडे, एका ताटाकडे, एका समाजाकडे बोट दाखवून हा आजार समजत नाही. तळण कमी करा, वजन हळूहळू आटोक्यात आणा, चाला, हे सांगणं योग्यच आहे. ते सगळ्यांनाच सांगा.

एक इशाराही द्यायला हवा. बहुतेकांचे खडे कधी त्रास देत नाहीत. पण उत्तर भारताच्या गंगाकाठच्या पट्ट्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या वरच्या आकड्यांत आहे, आणि तिथेही स्त्रियाच अधिक. २०१७ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात या कर्करोगाशी जोडलेले जनुकीय बदल सापडले. त्यातलं एक जनुक पित्तात लेसिथिनच्या कुळातले स्निग्ध पदार्थ पोहोचवणारं, म्हणजे बोस्टनच्या त्रिकोणातला तोच जुना मदतनीस. परळच्या फुटपाथवर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं बसलेली दिसतात. त्यांच्या आजाराचं उत्तर त्यांच्याच रक्ताच्या नमुन्यांतून शोधलं जातं आहे.

पुन्हा नौनिन

या इतिहासातला मला सगळ्यात आवडलेला भाग शेवटचा. आशोफच्या बाजूने शतकभर पुरावे जमत गेले, कोलेस्टेरॉलचा त्रिकोण आला, जनुकं आली. नौनिनचा दाहाचा सिद्धांत जुन्या पुस्तकांत गेला. आणि २०१९ साली जर्मनीतल्या एरलांगेनच्या संशोधकांनी खड्यांची बारकाईने तपासणी केली, तर त्यांत पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या डीएनएची जाळी सापडली. शरीराचे हे शिपाई स्फटिक दिसताच त्यांच्यावर जाळं टाकतात आणि त्याच जाळ्यात स्फटिक एकमेकांना चिकटून खडा वाढतो. म्हणजे स्फटिक सुटतात आशोफच्या वाटेने आणि खडा बांधला जातो नौनिनच्या वाटेने. सव्वाशे वर्षांपूर्वी भांडणारे दोघेही थोडे थोडे बरोबर होते.

वर्गात मुलं वादावादी करतात तेव्हा मी आता हे उदाहरण देते.

टाके

माझं ऑपरेशन ईदनंतर झालं, दुर्बिणीचं. जर्मनीत एरिक म्यूहे या सर्जनने १९८५ साली पहिल्यांदा अशा रीतीने पित्ताशय काढलं, तेव्हा त्याची थट्टा झाली होती. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं, आणि साध्या सरकारी दवाखान्यातल्या गरिबालाही ते मिळावं म्हणून आयुष्य घातलं. माझ्या पोटावर चार बारीक खुणा आहेत. अम्मीच्या पोटावर वीतभर.

घरी आल्यावर एका दुपारी मी अम्मीला हे सगळं सांगितलं. त्रिकोण, पंप, जाळी हे तिला कितपत कळलं माहीत नाही. पण पाच बाळंतपणं, दिवसभर एका जागी बसून विड्या वळणं, रक्तातून आलेला वारसा, एवढं नीट सांगितलं. तुझा राग नाही, तुझा शोरबा नाही, तुझी काही चूक नव्हती, असं म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “इत्ते बरस सब मेरेकूच बोलते थे.” आणि उठून असरच्या नमाजासाठी वजू करायला गेली.

वाचकहो, तुमच्या घरात एखादी बाई जेवणानंतर उजव्या बरगडीखाली हात धरून बसत असेल, कळ पाठीत किंवा खांद्याकडे जाते म्हणत असेल, तर तिला सोडा देऊ नका. ती काय खाते यावर भाषणही देऊ नका. एक सोनोग्राफी करून घ्या. ताप, कावीळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारणं शोधायला माणसाला तीन हजार वर्षं लागली, दोष द्यायला आपल्याला एक मिनिट लागतो.